खडी, क्रशर आणि रोबो

मंडळी, आपल्यापैकी जे महाराष्ट्रात नोकरी करतात त्यांनी एकदा आपली सॅलरी स्लिप उघडून बघा. इन्कम टॅक्स आणि पीएफच्या गर्दीत एक बारीकशी ओळ असते, प्रोफेशन टॅक्स २०० रुपये. फेब्रुवारीत तेवढे ३०० कापतात, म्हणजे वर्षाचे बरोबर २,५०० होतात. एवढीशी रक्कम, कोण विचार करतो! पण हा कर १९७५ साली आला तो एका फार वेगळ्या कारणासाठी. गावाकडच्या माणसाला हाताला काम द्यायचं, त्याचा खर्च शहरातल्या पगारदारांनी उचलायचा, असा तो हिशोब होता. त्या कामांचा एक नियम असा की शक्यतो यंत्र वापरायचं नाही!

आता गंमत बघा. आज जगभर बांधकामावर रोबो आणायची धडपड चालली आहे आणि कारण दिलं जातं ते मजुराच्या तब्येतीचं. धूळ त्याच्या छातीत जाऊ नये, पाठ मोडू नये, तो उंचावरून पडू नये. कारण अगदी रास्त आहे. पण आपल्याच राज्याने पन्नास वर्षांपूर्वी मजुराच्याच भल्यासाठी बरोबर उलटा निर्णय घेतला होता. दोघांपैकी शहाणा कोण? हा प्रश्न डोक्यात घेऊन गेले काही वीकेंड मी आमच्या नगर जिल्ह्याचा इतिहास चाळत होतो. (कागदोपत्री अहमदनगर, २०२४ पासून अहिल्यानगर. पण एसटी स्टँडवर ओरडतात ते "नगर नगर नगर" असंच.)

सुरुवात भंडारदऱ्यापासून करू. पावसाळ्यात तुम्ही तिथे गेला असालच. काजवे, रंधा धबधबा, गरमागरम भजी वगैरे. अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर उभं असलेलं हे दगडी धरण १९१० ते १९२६ अशी तब्बल सोळा वर्षं बांधलं जात होतं. उंची २७० फूट. १० डिसेंबर १९२६ ला मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं आणि धरणाला त्यांचंच नाव मिळालं. पाण्याला नाव मिळालं आर्थर लेक. ज्यांनी दगड फोडले, घडवले, डोक्यावरून वाहिले, त्यांच्यापैकी कुणाचं नाव कशालाही नाही. या धरणाच्या कालव्यांनी उत्तर नगरचं नशीब बदललं. ऊस आला, १९५० च्या सुमाराला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि बाकीचं तुम्हाला माहीत आहेच. पण हे पाणी पोचलं ते उत्तरेकडे. पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेर हा भाग होता तसाच कोरडा राहिला. एकाच जिल्ह्यात दोन जिल्हे म्हणा ना. पुढची गोष्ट या कोरड्या जिल्ह्याची.

त्याआधी थोडं खडीबद्दल. रस्त्यासाठी बारीक, कोनदार खडी एकसारखी पसरायची आणि ती दाबून घट्ट बसवायची, हे तंत्र एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन मकॅडम या स्कॉटिश माणसाने रूढ केलं. त्यासाठी दगड लहान हवा, आणि त्याने लिहून ठेवलंय की बसून छोट्या हातोडीने दगड फोडायचं हे काम बायका, पोरं आणि म्हातारी माणसंही करू शकतात. 'हलकं काम' या सदरात हे तेव्हापासून पडलं ते पडलंच. बसून केलेलं काम हलकं, असा हिशोब!

मग १८५८ मध्ये अमेरिकेत एली व्हिटनी ब्लेक नावाच्या गृहस्थाने जबड्याच्या क्रशरचं पेटंट घेतलं. दोन लोखंडी जबडे, एक स्थिर आणि एक हलता. वरून दगड टाकायचा, खालून खडी. आजही नगर-पुणे रोडवर दिसणाऱ्या क्रशरमध्ये मूळ कल्पना हीच आहे. ही तारीख लक्षात ठेवा, कारण १९७२ साली नगर जिल्ह्यात लाखो हात खडी फोडत होते तेव्हा खडी फोडायचं यंत्र शंभराहून जास्त वर्षं जुनं झालेलं होतं. म्हणजे यंत्र नव्हतं म्हणून हाताने फोडली असं नाही. यंत्र असूनही ते बाजूला ठेवलं होतं.

आता बहात्तरचा दुष्काळ. आपल्या पिढीला तो 'बहात्तरच्या दुष्काळात...' अशा वाक्यांतूनच भेटतो. लाल मिलो, सुकडी, आटलेल्या विहिरी. आधीची एकदोन वर्षं पाऊस कमीच होता, १९७२ मध्ये तर पूर्णच दगा दिला. शेतकरी असो की शेतमजूर, शेतात कामच उरलं नाही. सरकारने जागोजागी दुष्काळी कामं काढली. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते आणि खडी फोडणे. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर या कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती! त्यात बायकांची संख्या प्रचंड.

त्या पन्नास लाखांत माझी आजी होती. पाथर्डी तालुक्यातली. ती आणि तिची जाऊ, दोघी रस्त्याच्या कामावर खडी फोडायच्या. धाकटं मूल शेजारी गोधडीवर. सकाळी मोठे दगड मिळायचे, दिवसभर हातोडीने फोडायचे, ढीग लावायचा आणि त्याचं माप घेऊन पैसे. डाव्या हाताचा अंगठा ठेचला गेला नाही अशी बाई कामावर नव्हती म्हणते. तिच्या उजव्या भुवईखाली अजून एक व्रण आहे, दगडाची कपची उडाली होती. पाव इंच खाली असती तर डोळा गेला असता. मी तिला एकदा विचारलं होतं की आजी, सरकारने तेव्हा क्रशर लावला असता तर बरं झालं नसतं का? तिने माझ्याकडे असं बघितलं की इंजिनियरिंगची चार वर्षं पाण्यात गेली. म्हणाली, "मग पीठ कुणी दिलं असतं रं?"

यापेक्षा चांगलं अर्थशास्त्र मला कुठल्याही पुस्तकात सापडलेलं नाही. :) क्रशर लावला तर १०० रुपयांतले बरेचसे डिझेलला आणि मालकाला जाणार. हातोडी दिली तर तेच पैसे गावातल्या शेकडो घरांत जाणार, तिथून किराणा दुकानात. दुष्काळात माणसं मरतात ती नुसतं धान्य नसतं म्हणून मरत नाहीत, धान्य घ्यायला पैसे नसतात म्हणून मरतात. आणि एवढ्या भयंकर दुष्काळात महाराष्ट्रात पूर्वीसारखे भूकबळींचे डोंगर पडले नाहीत, यात या कामांचा वाटा फार मोठा मानला जातो. रस्ता, तलाव हे एका अर्थी दुय्यम होतं. मजुरी हेच मुख्य 'आउटपुट' होतं.

या विचाराला पक्कं रूप देणारा माणूस म्हणजे वि. स. पागे, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती. १९६९ च्या सुमाराला त्यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरला मागेल त्याला काम ही कल्पना राबवून बघितली. (नगरकरांनो, आपलं श्रीगोंद्याचं विसापूर नव्हे!) त्यातून रोजगार हमी योजना आली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. कंत्राटदार नको, खर्चाचा निदान ६० टक्के भाग मजुरीवरच गेला पाहिजे, यंत्राने मजुराची जागा घ्यायची नाही. २००५ च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्यातही हीच सूत्रं उतरली. त्याची जागा घेणारा नवा कायदा संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये मंजूर केला, पण मूळ कल्पना इथली, महाराष्ट्राची. आपल्याला अभिमान वाटायला हरकत नाही.

आता दुसरी बाजू. या सगळ्या व्यवस्थेत मजुराचं पोट मोजलेलं होतं, शरीर मोजलेलं नव्हतं. मजुरी ढिगाच्या मापावर. म्हणजे बाईने डोळ्याला कपची लागू नये म्हणून जपून घाव घातला तर ढीग लहान आणि पैसे कमी. दर अर्ध्या तासाला पाठ सरळ केली तरी पैसे कमी. सुरक्षिततेचा प्रत्येक मिनिट तिच्याच खिशातून जायचा. डिझाइनमधली चूक म्हणतात ती हीच. धोका पत्करल्याशिवाय सिस्टिम पूर्ण पैसे देतच नाही.

धुळीबद्दल इथे एक भूगर्भशास्त्रीय खुलासा. नगरचा दगड म्हणजे आपला काळा पाषाण, बेसाल्ट. यात मोकळं सिलिका, म्हणजे क्वार्ट्झ, फार कमी असतं. सिलिकॉसिस हा फुप्फुसाचा रोग होतो तो या मोकळ्या सिलिकाच्या अतिबारीक धुळीने. ती आत गेली की फुप्फुसाला आतून व्रण पडत जातात, फुप्फुस आखडतं आणि ते परत पूर्ववत होत नाही. वाळूचा दगड, ग्रॅनाइट, क्वार्ट्झ यांत काम करणाऱ्यांना हा धोका जास्त. तेव्हा आपल्या आज्या-पणज्या अंगठे आणि डोळे गमावता गमावता वाचल्या, पण निदान फुप्फुसाच्या बाबतीत सह्याद्रीच्या लाव्ह्याने त्यांच्यावर थोडी मेहेरबानी केली.

मग क्रशर आला असता तर तब्येत वाचली असती का? सरळ हो म्हणता येत नाही. क्रशर घाव वाचवतो पण धूळ वाढवतो. याचा सगळ्यात भयानक पुरावा अमेरिकेत आहे. खाणीत आणि बोगद्यात हवेच्या दाबावर चालणारी ड्रिल आली, काम झपाट्याने व्हायला लागलं आणि कामगारांनी त्या ड्रिलला नाव ठेवलं 'विधवा करणारी'! कारण घणाने छिद्र पाडताना उडत नव्हती एवढी धूळ ती उडवायची. उपाय निघाला तोही साधा. ड्रिलचा दांडा आतून पोकळ करायचा आणि त्यातून पाणी सोडायचं, धूळ जागेवरच बसते. जॉन लेनर या माणसाने विसावं शतक उजाडायच्या सुमाराला हे करून दाखवलं होतं. तरीही १९३०-३१ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात हॉक्स नेस्टचा बोगदा खणताना सुमारे ३,००० माणसांना क्वार्ट्झने भरलेल्या दगडात कोरडंच ड्रिलिंग करायला लावलं. बहुतेक कृष्णवर्णीय, कामाच्या शोधात लांबून आलेले. नंतरच्या एका अभ्यासाचा अंदाज आहे की त्यातले ७०० हून अधिक सिलिकॉसिसने गेले. यंत्र होतं, उपायही होता. पाण्याने वेग कमी होतो म्हणून पाणी नव्हतं.

म्हणजे हात विरुद्ध यंत्र ही वाटणीच अपुरी आहे. धुळीत कोण उभा आहे आणि धूळ टाळायचा खर्च कोण देतो, हे दोन प्रश्न त्याच्या आधी येतात.

योगायोग कसा असतो बघा. रोजगार हमीचा कायदा लागू झाला १९७९ मध्ये आणि त्याच वर्षी हरियाणातल्या बल्लभगडला जेसीबीचं भारतातलं काम सुरू झालं! पुढच्या तीस वर्षांत ते पिवळं यंत्र इतकं घरोघरी पोचलं की कुठल्याही कंपनीचं खोदाई यंत्र म्हणजे 'जेसीबी'. मजुरांच्या कामावर रात्री गुपचूप जेसीबी फिरवला आणि मस्टरवर माणसांची नावं लावली, अशा तक्रारी वर्षानुवर्षं येत राहिल्या. पुढे पाणलोटाच्या कामात ते उजळ माथ्याने आलं. हिवरेबाजारसारख्या गावाने नव्वदच्या दशकात रोहयोतून आणि श्रमदानातून डोंगर बांधून काढला होता. २०१६ नंतरच्या वॉटर कपच्या धामधुमीत श्रमदानाच्या जोडीला पोकलेन आले. चर लवकर झाले, पाणी लवकर मुरलं. फक्त त्यातून मजुरीचे दिवस गेले, आणि सालोसाल उसतोडीला जाणाऱ्या पाथर्डीच्या माणसाला त्या दिवसांची किंमत माहीत आहे.

आता येऊ रोबोंकडे. बांधकामावरचा रोबो ही आजची एआय फॅड नाही बरं का. १९८३ मध्ये जपानच्या शिमिझू कंपनीने एसएसआर-१ नावाचा रोबो साइटवर आणला. त्याचं काम एकच, इमारतीच्या लोखंडी तुळयांवर आगरोधक लेप फवारायचा. हेच काम का निवडलं असेल? कारण ते फवारणाऱ्या माणसाच्या नाकातोंडात तंतू जायचे. स्वीडनच्या ब्रोक कंपनीची दूरनियंत्रित तोडकाम यंत्रं तर १९७६ पासून आहेत. २०२० मध्ये हिल्टीने छताला भोकं पाडणारा जायबॉट दाखवला. दिवसभर मान वर करून, दोन्ही हात उचलून ड्रिल धरायचं आणि धूळ थेट चेहऱ्यावर घ्यायची, हे ज्याने एकदा केलंय त्याला हा रोबो का हवा ते सांगावं लागणार नाही.

मग चाळीस वर्षांत हे सगळीकडे का नाही दिसत? कारखान्यात काम रोबोकडे चालत येतं, साइटवर रोबोला कामाकडे चालत जावं लागतं. जमीन खडबडीत, जिना अर्धवट, काल होती ती वाट आज विटांनी बंद. आपल्या भाषेत सांगायचं तर बांधकामाची साइट म्हणजे नुसत्या एक्सेप्शन्स, मेन फ्लो नाहीच. आणि दुसरं कारण जास्त कडू आहे. जिथे माणूस स्वस्त असतो तिथे त्याला वाचवणारं यंत्र महागच वाटतं.

यातून मार्ग आहे का? एक देशी उदाहरण मला फार आवडतं. २०१८ मध्ये केरळच्या जेनरोबोटिक्स या तरुण इंजिनियरांच्या कंपनीने मॅनहोल साफ करणारा 'बँडिकूट' रोबो आणला. मॅनहोलमध्ये उतरून विषारी वायूने माणसं मरतात, हे आपण सगळे पेपरात वाचतो आणि पान उलटतो. या पोरांनी रोबो केलाच, पण आधी ते काम करणाऱ्या सफाई कामगारांनाच तो चालवायचं प्रशिक्षण दिलं. म्हणजे खड्ड्यात रोबो उतरला आणि पगार माणसाकडेच राहिला. आजीच्या पिठाच्या प्रश्नाला हे एक प्रामाणिक उत्तर आहे.

पण असं करायला पैसे कुठून आणायचे? तर ते आहेत! १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर किमान १ टक्का उपकर घेऊन तो बांधकाम कामगारांच्या कल्याणावर खर्च करायचं ठरलं. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या निकालात आकडे नोंदवले: देशभरात सुमारे ३७,४०० कोटी रुपये जमा आणि खर्च झाले सुमारे ९,५०० कोटी. बाकीचे पडून. ज्यांच्या फुप्फुसांच्या नावावर गोळा केले ते मात्र कोरडी टाइल कापत होते. धुळीचं काम यंत्राकडे द्यायचं, त्या मजुराला यंत्र शिकवायचं आणि शिकेपर्यंतची मजुरी द्यायची, यासाठी या पैशापेक्षा योग्य पैसा कुठला?

माझ्यापुरता निष्कर्ष असा. जे काम नुसतं कष्टाचं आहे, चर खणणं, माती उचलणं, तिथे यंत्र आणण्याआधी त्या गावाला विचारा, कारण तिथे काम हीच मिळकत आहे. पण जे काम माणसाला हळूहळू मारतं, तिथे 'रोजगार जाईल' हे कारण देऊन माणूस उभा करणं हा रोजगार नव्हे. तिथे यंत्र यायलाच हवं, आणि मजुरीची सोय त्याच अंदाजपत्रकात, त्याच पानावर असली पाहिजे. पागेंच्या योजनेने पोटाची हमी कायद्यात लिहिली. छातीची हमी लिहायची राहून गेली आहे.

जाता जाता एक कामाची गोष्ट. आपल्यातले बरेच जण सध्या फ्लॅट घेतायत, किचन नव्याने करून घेतायत. ओटा ग्रॅनाइटचा, हौस असेल तर क्वार्ट्झचा. हा जो 'इंजिनियर्ड स्टोन' क्वार्ट्झ म्हणून विकतात त्यात सिलिकाचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर असू शकतं. तो कापणारे तिशीतले कामगार सिलिकॉसिसने आजारी पडले म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदीच घातली. आणि आपल्या बाल्कनीत काय चालतं? एक विशीतला मुलगा तोंडाला रुमाल बांधून ग्राइंडरने कोरडी फरशी कापतो, आपण धूळ घरात येऊ नये म्हणून दार लावून घेतो. तो रुमाल सिलिकाला अडवत नाही.

तेव्हा रोबो येईल तेव्हा येईल. या शनिवारी मिस्त्रीला एवढंच सांगा की कटिंग पाणी सोडून करा, चिखल झाला तर होऊ दे, आणि पोराला नीट मास्क द्या, पैसे मी देतो. वेळ जास्त लागेल म्हणेल, तर त्या वेळेचेही द्या. हॉक्स नेस्टला नेमकं एवढंच केलं नव्हतं.